हट्टी कुत्र्याला फार्महाऊसवर धाडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की सोसायटीत ज्यांची कुत्री ऐकत नाहीत त्यांनी ती महिनाभर ट्रेनिंगवाल्याच्या फार्महाऊसवर नेऊन टाकावीत, "सरळ होऊन येतात". ते वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. कारण आम्ही अगदी हेच केलं होतं, तेही चांगले बावीस हजार मोजून, आणि आमचं कुत्रं सरळ होऊन आलं नाही, मोडून आलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल पण पैशाचा आणि पट्ट्याचा भाग कापू नका.

आमच्याकडे खंडू आहे. कारवान या शिकारी जातीचा. चंपाषष्ठीच्या सुमारास घरी आला म्हणून मिस्टरांनी खंडू नाव ठेवलं, मुलाला झोरो ठेवायचं होतं. आणला मुलानेच, २०२० च्या डिसेंबरात, लातूरकडून, दोन महिन्यांचा होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये देशी कुत्री पाळा असं सांगितलं, त्यात मुधोळचंही, म्हणजे याच जातीचं, नाव घेतलं, आणि आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात ते बसलं. मुधोळ म्हणजे कर्नाटकातलं घोरपड्यांचं संस्थान, तिथल्या मालोजीराजांनी ही कुत्री इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली म्हणून ते नाव लागलं, आपल्याकडे मराठवाड्यात कारवानीच म्हणतात. २००५ साली पोस्टाने मुधोळचं तिकीटसुद्धा काढलंय. असा सगळा इतिहास मुलाने मला ऐकवला, पण फ्लॅटमध्ये हे जनावर सकाळ संध्याकाळ कोण पळवणार ते नाही सांगितलं. पुढे बावीस साली कंपनीने बंगळुरूला बोलावलं, तो गेला, खंडू राहिला. पुण्यात आमच्यासारखी किती आईबाप कुत्री सांभाळतायत ते संध्याकाळी कालव्याच्या रस्त्याला येऊन मोजा एकदा.

आता हट्टी म्हणजे काय ते सांगते. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, हट्टी पोरं आणि त्यांचे त्याहून हट्टी पालक दोन्ही बघितलेत. पण हा निराळाच. हाक मारली की वळून बघायचा, म्हणजे ऐकू आलंय हे नक्की, आणि मग आपल्या कामाला निघून जायचा. बिस्किट दाखवा, चिकन दाखवा, बाहेर पडला की कशाला तोंड लावायचा नाही. मांजर दिसली, शेळी दिसली, लांब कुठे खार हलली की संपलं. एकदा अशीच शेळी दिसली आणि पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला, (कधीही गुंडाळू नका), मी कालव्याच्या कडेला आडवी आणि डाव्या मनगटाला दीड महिना प्लास्टर. शिवाय गळ्यातला पट्टा काढायला गेलं की गुरगुरायचा. आणि मग एक दिवस पार्सल घेऊन आलेल्या पोराच्या अंगावर गेला, पँट फाटली, मांडीला ओरखडा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची हे मला माहीत होतं म्हणून तेवढं तरी धड झालं, खंडूची रेबीजची लस झालेली होती तरी इंजेक्शनच्या प्रत्येक तारखेला मिस्टर त्या पोराला स्वतः घेऊन गेले. पण सोसायटीत जे व्हायचं ते झालंच. सेक्रेटरींची नोटीस. कुत्रा पाळू नका असं सोसायटी सांगू शकत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या तशा सूचना २०१५ पासून आहेत, पण लिफ्टमध्ये रोज त्याच माणसांची तोंडं बघायची असतात ना, तिथे सूचनेचा कागद काय दाखवणार.

तर त्या घाबरलेल्या अवस्थेत आम्ही ट्रेनर शोधला. शोधला म्हणजे काय, व्हॉट्सॲपवर एकाने नंबर दिला. गृहस्थ मिलिटरीसारखे कपडे घालून आले, खंडूकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले तुम्ही लाडावलाय, त्याला वाटतं तोच घरचा बॉस, महिनाभर माझ्याकडे द्या, कमांडो करून देतो. फार्महाऊस गावाबाहेर. मध्ये भेटायला यायचं नाही, "कुत्र्याचं लक्ष विचलित होतं". आम्हाला ते पटलं पण. हॉस्टेलला पोरगं ठेवल्यावर पहिला महिना भेटायला जाऊ नका म्हणतात तसंच असेल असं मी स्वतःच मिस्टरांना समजावलं. त्याची आजही लाज वाटते.

व्हिडिओ मात्र रोज यायचे. खंडू बसतोय, खंडू झोपतोय, खंडू हात देतोय. मी ते सगळ्या ग्रुपवर पाठवले. त्या व्हिडिओत त्याची शेपूट पोटाखाली आहे आणि कान मागे चिकटलेले आहेत हे मला तेव्हा दिसलंच नाही, किंवा दिसलं पण वाचता येत नव्हतं.

घरी आला तेव्हा तीन किलोने उतरला होता. गळ्याखाली केस गेलेले आणि ओळीने बारीक जखमा, गळ्यात घालतात त्या काटेरी साखळीच्या. चार दिवस एकदम शांत होता, शेजारचे म्हणाले बघा झाला की नाही सरळ. पाचव्या दिवशी संध्याकाळी मिस्टर ऑफिसातून आले, नेहमीसारखा कमरेचा पट्टा काढला, आणि हॉलमध्ये खंडूने उभ्या जागी लघवी केली. मिस्टर खाली बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पट्टा त्यांनी दुसऱ्या दिवशी कोणाला तरी देऊन टाकला, तेव्हापासून नाडीची पँट घालतात घरी येताना.

आणि हो, ऐकणं. बसणं झोपणं हात देणं, त्यातलं आमच्यासमोर काहीही करत नव्हता. फार्महाऊसला फोन केला तर म्हणे तुमचा आवाज कडक नाही.

मुद्दा इथे आहे संपादक महाशय. तिथे खंडूने एक माणूस, एक जागा आणि एक साखळी शिकली, दुसरं काही नाही. कालव्याचा रस्ता, शेळी, आमची लिफ्ट, मी, हे त्या शिकवणीत नव्हतंच. पोहायला शिकायला मुलाला पाठवायचं आणि पाण्यात मात्र आपण उतरायचं असला तो प्रकार.

तक्रार करायची म्हणून एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. मारणं, छळणं हा त्यात गुन्हा आहेच. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, परत विचारलं, पन्नासच. बावीस हजार फी घेणाऱ्याला पन्नास रुपये. आणि उलट आमचं कुत्रं आमच्या हलगर्जीपणामुळे कोणाला धोकादायक ठरलं तर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आम्हाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेही असावं, माझी हरकत नाही, ज्याचं कुत्रं त्याची जबाबदारी. पण कुत्र्याला बिघडवून देणारा मोकळा राहतो हे कसं काय? त्या माणसाकडे कसलं सर्टिफिकेट होतं असं वकिलांनी मला विचारलं तर मला सांगता येईना, कारण मीच त्याला विचारलं नव्हतं. न्हाव्याकडे गेलं तरी आपण दुकान कसं आहे ते बघतो.

नंतर आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे खंडूच्या, एका ट्रेनर मुलीचं नाव सुचवलं. वारज्यातली, माझ्या मुलाच्याच वयाची असेल. ती फोनवरच म्हणाली, काकू, आधी त्याला डॉक्टरांकडून पूर्ण तपासून घ्या, मग मी येते. मला वाटलं टाळतेय. तपासलं तर दोन्ही कानांत इन्फेक्शन, बरंच जुनं असणार म्हणाले. गळ्यातला पट्टा काढताना हात कानाला लागायचा आणि तो गुरगुरायचा, त्याला आम्ही वर्षभर माज म्हणत होतो. कान बरे झाले आणि गुरगुरणं निम्म्याच्या वर आपोआप गेलं. त्यासाठी कुठला कमांडो लागला नाही, थेंब लागले.

पहिल्या रविवारी ती आली आणि खंडूला तिने हातसुद्धा लावला नाही. जमिनीवर बसली, पाठ करून, आणि आम्हाला प्रश्न विचारत राहिली. रोज किती पळतो, पट्ट्याशिवाय मोकळा कुठे पळतो, झोपतो कुठे, लहान असताना माणसं किती बघितली. या शेवटच्या प्रश्नावर मी गप्पच झाले. पिल्लाचं तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंतचं वय हे नवीन माणसं, आवाज, गाड्या, छत्र्या सगळ्याची ओळख करून घ्यायचं असतं, तेव्हा जे भेटत नाही त्याची पुढे भीती बसते. खंडूचा तो काळ कोरोनात गेला, दाराशी जो कोणी यायचा तो मास्क लावून, पार्सल ठेवून पळायचा. मग पार्सलवाल्यावर धावला त्यात नवल काय.

हट्टीपणाचंही तिने जे सांगितलं ते मला इतकं पटलं की मी ते चार जणांना तरी ऐकवलंय. लॅब्राडोर म्हणजे शिकाऱ्याने मारलेला पक्षी आणून द्यायला तयार केलेलं कुत्रं, त्याला माणसाच्या तोंडाकडे बघत राहायची सवय रक्तातच. कारवान नजरेने शिकार करणारा. उघड्या माळावर ससा उठला तर परवानगी मागायला मागे वळणाऱ्या कुत्र्याच्या हाती ससा लागत नाही. म्हणजे पिढ्यानपिढ्या लोकांनी यांच्यातली जी स्वतःच्या डोक्याने चालणारी होती तीच निवडली. (आता ससा मारणं कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, पण कुत्र्याच्या रक्ताला कायदा कोण वाचून दाखवणार.) तेव्हा हा उद्धट नाहीये, हा त्याचं काम करतोय, आपण त्याला दुसरं काम द्यायचं.

मग त्याला बिस्किटाऐवजी पळणं बक्षीस म्हणून द्यायला तिने शिकवलं. काठीला दोरी, दोरीला जुन्या सुती साडीची चिंधी, ती जमिनीवरून सरपटत फिरवायची. बस म्हटल्यावर बसला तर चिंधी पळणार. चिकनला न भुलणारा प्राणी त्या चिंधीसाठी पुतळ्यासारखा बसायला लागला, मी अक्षरशः बघत राहिले. गळ्यातला नेहमीचा पट्टा काढायला लावला, कारण या जातीची मान डोक्याएवढीच जाड, मागे सरकला की डोकं सुटतं, त्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगावरून घालायचा पट्टा, आणि मैदानात दहा मीटरची लांब दोरी. चेन, काटे, करंट बसणारे पट्टे यातलं काही घरात ठेवायचं नाही ही तिची अट होती, नाहीतर ती दुसऱ्या रविवारी येणार नव्हती.

आणि भाषा! हे तर आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगा त्याला सिट म्हणायचा, मी बस म्हणायचे, कामाच्या मावशी खाली बस रे मेल्या म्हणायच्या, आणि मिस्टर त्याच्या भुंकण्यावर बस बस बस झालं आता असं ओरडायचे. म्हणजे एकच बस, बसण्यासाठीही आणि पुरे करण्यासाठीही, त्या मुक्या जीवाने काय समजायचं? शेवटी कागदावर शब्द ठरवले आणि फ्रीजवर लावले. बसायला बस. थांबवायला पुरे. ये हा शब्द तर तिने पूर्ण रद्दच केला कारण आम्ही ये म्हणायचो ते फक्त खेळ संपवायला, ये म्हणजे पट्टा, ये म्हणजे घर, मग कोण येईल? नवीन शब्द "इकडं". इकडं म्हटल्यावर आला की लगेच शाब्बास, म्हणजे एका सेकंदाच्या आत, नंतर म्हणून उपयोग नाही, आणि दहापैकी नऊ वेळा लगेच परत सोडायचा पळायला. दहाव्या वेळी घरी. पाच पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. तासभर नाही. कंटाळलेलं पोर आणि कंटाळलेलं कुत्रं दोघंही काही शिकत नाहीत.

माझ्या मुलाला आपण आणलेल्या भानगडीची बंगळुरूत बसून टोचणी लागली असावी, त्याने इंटरनेटवरून बरंच काही वाचून पाठवलं, त्यातलं दोन तीन गोष्टींपुरतं लिहिते कारण त्या पत्रलेखक गृहस्थांनीही "कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे" असं लिहिलंय. हे बॉसचं, अल्फाचं प्रकरण १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आलं. पुढे डेव्हिड मेक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून ते जगभर पसरलं. आणि त्याच मेकने १९९९ मध्ये स्वतः लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि पोरं, तिथे बॉस होण्यासाठी मारामारी चालत नाही. आपलंच जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. माणूस मोठा म्हणायचा, आपल्याकडे चुकलो म्हणायला लोकांना जड जातं. दुसरं, २०२० मध्ये इंग्लंडमध्ये गाईड डॉगच्या, म्हणजे अंधांना रस्ता दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या, पिल्लांवर एक अभ्यास झाला, त्यात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या मानाने स्वतःच्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात असं दिसलं, म्हणजे चक्क वयात आलेलं कार्टं. आमचा खंडू आठ महिन्यांचा असतानाच आम्ही "हा बिघडला" म्हणून कपाळाला हात लावला होता. आणि त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये सात ट्रेनिंग स्कूलमधल्या ९२ कुत्र्यांची लाळ तपासली, जिथे पट्ट्याला हिसके आणि ओरडा जास्त तिथल्या कुत्र्यांत ट्रेनिंगनंतर ताणाचं हार्मोन वाढलेलं सापडलं. आम्हाला लाळ तपासायची गरज नव्हती, हॉलमधली फरशी पुसली होती.

सहा रविवार झाले. एका वेळेचे बाराशे, म्हणजे सगळे मिळून बहात्तरशे. बावीस हजारांच्या एक तृतीयांश. जादू झाली असं मी म्हणणार नाही, खंडू आजही शेळी बघून थरथरतो, आजही मी त्याला रस्त्यावर मोकळा सोडत नाही आणि ती मुलगी स्वच्छ म्हणाली होती की कधी सोडूही नका, या जातीच्या बाबतीत ती खात्री कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. घराच्या दाराच्या आत एक छोटं फाटक लावलंय, बेल वाजली की खंडू आपल्या गादीवर जाऊन बसतो, पार्सल घेऊन होईपर्यंत तिथेच. हे जमायला शिकवणीनंतरचा सराव धरून चार महिने लागले. ज्या पोराची पँट फाटली होती त्याने मध्ये एकदा फाटकावरून चिंधी हलवून दाखवली त्याला, दोघंही खूश.

माझी विनंती त्या गृहस्थांना नाही, आपल्याला आहे. कुत्रा पाळायचा महापालिकेचा परवाना काढताना रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट बघतात, चांगलंच आहे. त्याच खिडकीवर एक छापील कागद द्यायला काय हरकत आहे, की ट्रेनरला हे विचारा: शिकवताना मला समोर उभं राहू देणार का, चुकल्यावर कुत्र्याला काय करणार, गळ्यात काय घालणार, आधी डॉक्टरला दाखवा असं सांगणार का. समोर उभं राहू देणार नाही म्हणाला की तिथेच नमस्कार करायचा. आणि आपल्या बातमीदारांनी शहराबाहेरच्या या फार्महाऊसांवर एक चक्कर मारावी, न सांगता. मी ज्या ठिकाणाबद्दल लिहिलंय त्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, ते एकटंच तसं असेल असं मला वाटत नाही. पन्नास रुपयांच्या दंडाबद्दलही एखादा अग्रलेख येऊ द्या, क्रिकेटवर रोज येतोच.

ट्रेनरची मदत घेऊ नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट मनगट मोडायची वाट बघत बसलो ही आमची चूक, आठव्या महिन्यातच घ्यायला हवी होती.

बाकी घरात एकाचं खंडू अजूनही ऐकत नाही. मिस्टर इकडं इकडं करून घसा कोरडा करतात, तो वळून बघतो आणि आपल्या कामाला निघून जातो. ते म्हणतात कुत्रं हट्टी आहे. त्या सहाही रविवारी ते आत बसून मॅच बघत होते.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे
(नाव छापू नये, याच सोसायटीत राहायचंय.)